तीस सेकंदांचा पुरावा

माझ्या फोनमध्ये ‘हार्ट’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात ३४७ पीडीएफ आहेत. प्रत्येकीत माझ्या हृदयाची तीस सेकंदांची रेष, वर तारीख, वेळ आणि ठोक्यांचा आकडा. यातल्या सहा रेषा मी आजारी असताना काढल्या. उरलेल्या ३४१ बरी झाल्यावर.

आकडे उलटे लिहिले गेलेले नाहीत. आजार असताना मला एकच रेष हवी होती, कुणाला तरी दाखवण्यासाठी. आजार गेल्यावर मला रोज नवी रेष हवी होती, स्वतःला दाखवण्यासाठी. बरं होणं म्हणजे काय हे मला या दुसऱ्या ढिगाने शिकवलं, म्हणून हे लिहिते आहे.

धडधड

मी दवनीवाड्याची. गोंदिया तालुक्यातलं गाव, जवळून वैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. आमच्याकडे सगळं धानावर चालतं. पावसाळ्यात पऱ्हे, मग रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि मग मंडई. तरुण पोरांचं दुसरं पीक म्हणजे पोलीस भरती. पहाटे पाचला रस्त्यावर उभं राहा, पळणारी मुलं-मुली दिसतील. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मीही त्यातलीच एक.

पहिल्यांदा धडधड झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पळतानाही नाही. बुटाची लेस बांधायला वाकले आणि छातीत कुणी बटण दाबावं तसं झालं. एका ठोक्यापर्यंत सगळं नीट, पुढच्या ठोक्यापासून सुसाट. गळ्याची शीर फडफडायला लागली. मैत्रीण म्हणाली, तुझा टी-शर्ट हलतोय. दहा-बारा मिनिटं मी तिथेच बांधावर बसून राहिले. मग तसंच बटण दाबल्यासारखं सगळं थांबलं, आणि लघवीला पळावं लागलं. हे लघवीचं मी पुढे कुठल्याच डॉक्टरला लाजून सांगितलं नव्हतं. ते किती कामाचं लक्षण आहे, हे नंतर कळलं. अशा वेळी हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि शरीर जास्तीचं पाणी बाहेर टाकायला लागतं.

मग ते महिन्यातून एकदा व्हायला लागलं, पुढे आठवड्यातून. कधी पाच मिनिटं, कधी चाळीस. आमच्या भागात हृदयासाठी एकच शब्द आहे, अटॅक. मला अटॅक नव्हता, त्यामुळे मला काहीच नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असायची. ईसीजी निघायचा, नॉर्मल. रक्त तपासलं, नॉर्मल. इको केला, नॉर्मल. बाबा हात जोडून विचारायचे, “पोरीला का झाला, सांगा ना जी डॉक्टरसाहेब.” एका दवाखान्यात उत्तर मिळालं, परीक्षेचं टेन्शन. दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठीवर इंग्रजीत ‘अँक्झायटी’ लिहिलं आणि झोपेची अर्धी गोळी दिली. तिसऱ्या ठिकाणी आईला बाजूला घेऊन विचारलं, पोरीचं कुठे काही प्रकरण आहे का.

गावात वेगळी निदानं होती. नजर. उपास. बाहेरचं. ग्राउंडवर सोपं निदान होतं, दम नाही.

हे एकट्या माझ्याच बाबतीत झालेलं नाही. १९९७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. ज्यांच्या हृदयात माझ्यासारखी विजेची गडबड होती असं तपासणीत सिद्ध झालं होतं, अशा १०७ जणांची जुनी कागदपत्रं त्यात पाहिली गेली. निम्म्याहून जास्त लोकांचा आजार पहिल्या तपासणीत कुणाच्या लक्षातच आला नव्हता. ज्यांचा निसटला, त्यांतल्या अनेकांना घबराट, चिंता किंवा ताण असं सांगितलं गेलं होतं, आणि हे ऐकून घेणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण दुप्पट होतं. मी हे वाचलं तेव्हा राग यायला हवा होता. आधी आलं ते हसू. अमेरिकेतल्या बायका आणि दवनीवाड्याची मी, सगळ्यांना एकच चिठ्ठी.

घड्याळ

आधी मी एक स्वस्तातलं स्मार्ट वॉच घेतलं होतं. धडधड चालू असताना त्यात ८४ दिसायचे. एकदा गंमत म्हणून ते गुंडाळलेल्या टॉवेलला बांधलं, तर टॉवेलचीही नाडी ७६ भरली. पुढे यामागचं कारण समजलं. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. पट्टा सैल असला, हात हलत असला, तर ते गोंधळतं. पळताना कधी कधी ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. आणि साधं घड्याळ ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही, कुठला तरी आकडा देऊन मोकळं होतं.

हैदराबादला नोकरी करणाऱ्या मावसभावाने नवा आयफोन आणि नवं घड्याळ घेतलं, तेव्हा जुनी जोडी माझ्याकडे आली. त्याच्या डोक्यात माझी तब्येत नव्हती, जुनं विकून फार पैसे येत नव्हते एवढंच. त्या ॲपल वॉचमध्ये ईसीजी होता. अमेरिकेत ही सोय २०१८ मध्ये सुरू झाली, भारतात २०१९ मध्ये. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्या हाताचं बोट त्याच्या बटणावर, तीस सेकंद हलायचं नाही. दोन हातांमध्ये हृदय, म्हणजे सर्किट पूर्ण.

ही युक्ती घड्याळाएवढी नवी नाही. हॉलंडच्या विलेम आइंटहोव्हेनने गेल्या शतकाच्या सुरुवातीला पहिलं चांगलं ईसीजी यंत्र बनवलं. ते खोलीभर पसरलेलं होतं, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. या कामासाठी त्याला १९२४ मध्ये नोबेल मिळालं. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतची जी रेष तो काढायचा, तीच आज घड्याळ काढतं. मिठाच्या पाण्याऐवजी घामेजलेलं बोट, एवढाच फरक.

घड्याळ आल्यावर पाच वेळा मी उशीर केला. धडधड सुरू झाली की हात थरथरतात, स्क्रीन लॉक होते, बोट निसटतं. सहाव्या वेळी मी अंगणात बसले होते. घड्याळ चार्जिंगवरून नुकतंच काढलेलं. तीस सेकंद श्वास रोखून बसले. आकडा आला १९६.

आता गंमत बघा. घड्याळाने निदान काहीच केलं नाही. ‘इन्कन्क्लुझिव्ह’ असं म्हणून ते गप्प बसलं. हे घड्याळ एट्रियल फिब्रिलेशन नावाची वेगळी गडबड शोधायला शिकवलेलं आहे. ती मुख्यतः उतारवयात होते, तिच्यात ठोके अनियमित पडतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्ड विद्यापीठाने जो मोठा अभ्यास केला, त्यात ४,१९,२९७ लोक होते. शोधत होते एट्रियल फिब्रिलेशनच. माझे ठोके अनियमित नव्हते. भयंकर नियमित होते, फक्त सुसाट.

पण रेष कागदावर होती. ती घेऊन मी आणि बाबा गोंदियाहून सकाळच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोन हातात घेतला, बोटांनी रेष मोठी केली आणि पाच-सात सेकंदांत म्हणाले, “बेटा, हे टेन्शन नाही. ही एसव्हीटी आहे.”

आजार आहे हे ऐकून कुणाला आनंद झालेला तुम्ही पाहिलाय का? बाबांचा चेहरा पडला. मला पेढे वाटावेसे वाटत होते. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ‘हे आहे’ असं म्हटलं होतं.

खळ्यातले बैल

हृदयात वीज असते. उजव्या बाजूला वर एक ठिपका आहे, तिथून प्रत्येक ठोक्याची ठिणगी निघते. हा ठिपका सापडला त्याची गोष्ट मला फार आवडते. १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात एका शेतघरात मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली चिचुंदरीसारख्या एका बिळात राहणाऱ्या प्राण्याचं हृदय बघत बसला होता. त्याचे गुरू आर्थर कीथ बाहेरून परत आले, तेव्हा त्याने त्यांना एक वेगळाच पेशींचा पुंजका दाखवला. १९०७ मध्ये दोघांनी ते छापलं. त्याच्या एकच वर्ष आधी सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने जर्मनीत दुसरा पुंजका शोधला होता, हृदयाच्या मधोमध, वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यामधलं फाटक. याला एव्ही नोड म्हणतात. ठिणगी इथे क्षणभर थांबते आणि मग खाली जाते.

माझ्या फाटकाशी दोन वाटा आहेत. एक जलद, एक संथ. बऱ्याच लोकांना अशा दोन वाटा असतात आणि आयुष्यभर काही होत नाही. पण एखादा ठोका नको त्या वेळी आला, तर ठिणगी संथ वाटेने खाली जाते, जलद वाटेने परत वर येते आणि पुन्हा संथ वाटेने खाली. गोल फिरत बसते. पूर्वी खळ्यात चुरण्याचे बैल मधल्या खुंट्याभोवती फिरायचे तसं. फक्त हे बैल मिनिटाला १९६ फेऱ्या मारतात. या प्रकाराचं लांबलचक नाव आहे, एव्हीएनआरटी. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो साधारण दुप्पट आढळतो.

डॉक्टरांनी लगेच एक उपायही शिकवला. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये ४२८ रुग्णांवर तपासलेला. अर्धवट बसायचं, १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरात पंधरा सेकंद फुंकायचं, मग लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने आपले पाय पंधरा सेकंद वर उचलून धरायचे. नुसतं फुंकून १०० पैकी १७ जणांची धडधड थांबली, पाय उचलल्यावर ४३ जणांची. औषध नाही, सुई नाही. पाच वर्षं मी बांधावर बसून वाट बघत होते आणि मेडिकल दुकानातल्या सिरिंजमध्ये उपाय होता. मात्र डॉक्टरांनी आधी रेष बघून आजार ओळखला आणि मग हे शिकवलं, तो क्रम महत्त्वाचा. छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, तर फुंकत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

कायमचा इलाज म्हणजे ॲब्लेशन. धान विकून आलेले पैसे होते, काही मामांकडून घेतले आणि मे महिन्यात नागपूरला तारीख मिळाली.

छाती उघडत नाहीत. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेतात. जागा बधिर करतात, मी जागी होते. आधी डॉक्टर त्या तारांमधून हलके ठोके देऊन तुमची धडधड मुद्दाम सुरू करतात, चोर कुठल्या वाटेने पळतो ते बघायला. दोन-तीन मिनिटांत माझी ओळखीची धडधड सुरू झाली. ज्या गोष्टीला पाच वर्षं कुणी समोर येताना पाहिलं नव्हतं, ती त्या खोलीत सहा माणसं एकदम पडद्यावर बघत होती. मी रडायला लागले. नर्सने विचारलं, दुखतंय का? नव्हतं दुखत.

मग संथ वाटेच्या तोंडाशी तारेचं टोक टेकवून ते तापवतात. रेडिओ लहरींनी, उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी. तांदळाच्या दाण्याएवढी जागा भाजली जाते आणि वाट बंद होते. १९८१-८२ च्या सुमारास अमेरिकेत पहिली ॲब्लेशनं झाली तेव्हा रुग्णाला पूर्ण भूल देऊन तारेतून थेट विजेचा मोठा झटका द्यायचे. पुढच्या दहा वर्षांत रेडिओ लहरी आल्या आणि काम सौम्य झालं. माझ्या प्रकारच्या आजारात १०० पैकी ९५ हून जास्त लोक एकाच वेळी बरे होतात. उरतो तो धोका फाटकालाच इजा होण्याचा. तो थोडा असतो, पण असतो, आणि तसं झालं तर पेसमेकर बसवावा लागतो. या कागदावर बाबांनी सही केली तेव्हा त्यांचं पेन दोनदा थांबलेलं मी पाहिलं.

पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी सुट्टी. मांडीवर एक निळा डाग. बस एवढंच.

बरी झाल्यावर

घरी येताना गाडीत आईने पढवून ठेवलं, “कोनी पुसला त नागपूरले पोट दाखवाले गेलतो म्हन.” पोरीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ही बातमी गावात फिरली, की सोयरिकीच्या वेळी ती आमच्या आधी पोचणार, हे तिला ठाऊक होतं. मी वाद घातला नाही. ती आयसीयूच्या दारात रात्रभर बसलेली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवडाभर जड उचलू नकोस, पायऱ्या जपून चढ, मग हळूहळू सगळं सुरू कर. औषधं जवळपास नाहीतच. मी मानलं होतं की आता शांतता असेल.

चौथ्या रात्री ठोका चुकला. छातीत एक गचका, मग पोकळी, मग जोरात धप्प. दहा मिनिटांनी पुन्हा. मी उठून बसले, बोट घड्याळावर. सायनस रिदम, म्हणजे नॉर्मल. पुन्हा रेष. नॉर्मल. आधी माझी बसल्या जागची नाडी ७० असायची, आता ८८ दिसत होती. दर थोड्या वेळाने मनगट वळायचं. जेवताना, आंघोळीआधी, आंघोळीनंतर. एका दिवसात मी ३१ रेषा काढल्या. पहाटे तीनला आयफोनच्या उजेडात आधीच्या रेषेशी नवी रेष लावून बघायची, हा टेकाडा जरा बारीक दिसतोय का?

आजार असताना माझ्याकडे पुरावा नव्हता. आता बरं असल्याचा पुरावा दर दोन तासांनी शिळा होत होता.

हेही मला एकटीला झालेलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सत्तर वर्षांच्या एका बाईंची हकिगत छापली. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन होतं. त्यांनी वर्षभरात घड्याळावर ९१६ वेळा ईसीजी काढला. ‘इन्कन्क्लुझिव्ह’ असा शब्द दिसला की भीती, भीतीने ठोके वाढायचे, म्हणून पुन्हा ईसीजी. हृदय ठीक होतं, त्या मात्र दवाखान्याच्या चकरा मारत राहिल्या. शेवटी त्यांना समुपदेशन दिलं गेलं. माझा महिन्याचा वेग बघता मी त्या आजींना सहज मागे टाकलं असतं.

तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांपुढे फोन ठेवला. त्यांनी चार-पाच रेषा पाहिल्या आणि फोन उलटा ठेवला. म्हणाले, “ठोका चुकत नाही बेटा, तो लवकर येतो.” मग समजावून सांगितलं. एखादा ठोका वेळेआधी पडतो. त्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं. त्या थांबण्यात रक्त जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणकून बसतो. आपल्याला जाणवतो तो गचका आणि तो दणका. असे ठोके जवळजवळ सगळ्यांना येतात. इतरांना कळत नाहीत, कारण ते ऐकत बसलेले नसतात. ॲब्लेशननंतर काही आठवडे ते जास्त येऊ शकतात, नाडीही थोडी वर राहू शकते. भाजलेली जागा भरून यायला वेळ लागतो.

आणि एक गोष्ट सांगितली, ती मी जपून ठेवली आहे. “आकडा बघू नकोस, चढण बघ.” पळताना, घाबरल्यावर, तापात ठोके वाढतात ते चढण चढल्यासारखे. ९०, १०५, १२०, १४०. उतरतानाही पायरी-पायरीने. तुझा आजार चढण चढत नव्हता, तो उडी मारायचा. ८० वरून एकदम १९६ आणि तसाच खाली. उडी दिसली तर रेष काढ आणि मला पाठव. चढण दिसली तर पळत राहा.

मग हिशेब ठरला. रोज रेष नाही. धडधड उडी मारून सुरू झाली तरच.

ग्राउंड

जूनच्या शेवटी मी पुन्हा ग्राउंडवर गेले. पहिल्या दिवशी चालले. चौथ्या दिवशी २०० मीटर पळाले. छाती वाजायला लागली तशी मी थांबले आणि आलेख उघडला. ९६ पासून १५८ पर्यंत सरळ चढण. उडी कुठेच नाही. थांबल्यावर उतरणही तशीच, पायरी-पायरीने. मी तो आलेख मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, “म्हणजे दम लागला.” बरोबर. पाच वर्षांनी मला नुसता दम लागला होता, इतर सगळ्यांना लागतो तसा.

तरीही प्रत्येक फेरीनंतर मनगट वळतच होतं. डोक्याला कळलेलं शरीरापर्यंत जायला बराच वेळ घेतं.

जुलैत रोवणी सुरू झाली. आमच्या बांधीत मोठी माय, म्हणजे माझ्या मोठ्या वडिलांची बायको, आणि गावातल्या सात-आठ बाया होत्या. मला चिखलात उतरायला आईने मनाई केली होती, मी चहा घेऊन गेले होते. मोठी माय बांधावर बसली आणि माझ्या मनगटाकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, “पोटासाठी नाई बांधत वो कोनी असा घड्याळ.” मी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, “मले बी होते. रोवना करताना छाती धाडधाड वाजते. दोन वर्षं झाली.”

कुणाला सांगितलं का, म्हणून विचारलं. कुणाला सांगणार? तिच्या वयाच्या बायकांची छाती वाजते, पाय दुखतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ते आजारात धरत नाहीत.

मी घड्याळ काढून तिच्या हाताला बांधलं. ते रोज चार्ज करावं लागतं, म्हणून ती रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची. घड्याळ चार्जिंगला लागायचं, चहा व्हायचा, आणि आम्ही दोघी फोनवर तिचा दिवस बघायचो. पऱ्हे उपटायला वाकली तिथे १२०. डोक्यावर पेंढी घेऊन बांध चढली तिथे १४२. दुपारी जेवायला बसली तिथेही १०८. आठ दिवसांत उडी एकही नाही, सगळ्या चढणी. पण साध्या कामाला फार उंच चढणी, आणि खाली यायला फार वेळ.

घड्याळाला यातलं काहीही समजलं नाही. त्याच्या लेखी सगळं ठीक होतं, सायनस रिदम. मी नागपूरच्या डॉक्टरांना ते आलेख पाठवले. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासा. भरलं ७.४. बाईच्या रक्तात ते १२ तरी असायला हवं. रक्तच पातळ असेल तर शरीराला पुरेसा प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. दोन वर्षं तिचं हृदय हेच करत होतं. ती मात्र तेवढंच काम करत राहिली, तेवढ्याच बांधीत, तेवढ्याच रोजीवर.

तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. रक्त कुठे जातं, याची तपासणीही व्हायची आहे. तिने मला विचारलं होतं, घड्याळाने सांगितलं का? मी म्हटलं, नाही, तूच सांगितलंस. घड्याळ फक्त साक्षीला होतं. माझ्या बाबतीतही तेवढंच झालं. मी पाच वर्षं तोंडाने जे सांगत होते, त्यात आणि त्या रेषेत काही फरक नव्हता. ‘एकदम सुरू होते, एकदम थांबते’ हे वाक्य मी प्रत्येक दवाखान्यात बोलले होते. ते वाक्य पुरेसं पडलं असतं, तर महागडं घड्याळ ज्याच्याकडून फुकटात मिळेल असा मावसभाऊ नसलेल्या मुलीही बऱ्या झाल्या असत्या.

रोवणी संपेपर्यंत घड्याळ मोठ्या मायच्याच हातावर होतं. एका पहाटे मी ८०० मीटर पळाले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा पूर्ण. मैत्रीण मोबाइलवर वेळ लावून उभी होती. शेवटच्या वळणावर एक गचका आला, मग धप्प, आणि पाय पुढे पडत राहिले. रेषेपलीकडे जाऊन मी गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. ती ओरडली, तीन मिनिटं नऊ. अजून बरंच कमी करायचंय. मी मनगट वळवलं, तिथे घड्याळाचा पांढरट पट्टा उठलेला होता, दुसरं काही नव्हतं. ठोके किती गेले होते, कुणास ठाऊक. मी पाणी प्यायले आणि १०० मीटरच्या रांगेत जाऊन उभी राहिले.